संपावर गेलेले पॅनल

"दत्तारामआजोबा, तोरणातला एक बल्ब गेला की अख्खं तोरण का जातं हो?"

संघमित्राने हे भर मीटिंगमध्ये, उभं राहून, खणखणीत आवाजात विचारलं आणि अभ्यासिका एकदम चिडीचूप झाली. इतकी, की गच्चीवरच्या टाकीत पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. मागच्या बाकावर तेजलने जान्हवीचा हात असा काही दाबला की ती "आई गं!" म्हणून ओरडली. पैज ह्याच दोघींनी लावली होती. संघमित्राने हा प्रश्न विचारला, तर आठवडाभर तिचं दप्तर तेजल लिफ्ट सोडून जिन्याने सात मजले चढवणार. नाही विचारला, तर दोघींची दप्तरं संघमित्रा.

मागच्या वर्षीची संघमित्रा असती तर तिने गुपचूप दोन दप्तरं उचलली असती. वर्गात "प्रेझेंट सर" म्हणतानासुद्धा तिचा आवाज "सर"च्या आधीच बसायचा. पण यंदा दिवाळीनंतर एक दिवस विज्ञानाच्या सरांची फळ्यावरची चूक तिच्या तोंडून निघून गेली, सर म्हणाले, "अरे हो की, बरोबर," आणि तेव्हापासून पोरीला जे तोंड फुटलं ते मिटायचं नावच घेईना.

प्रश्नात तसं वाईट काही नव्हतं. तो दत्तारामआजोबांना विचारण्यात होतं.

घाटकोपरच्या भटवाडीत पूर्वी सम्यक चाळ आणि सिंधुदुर्ग चाळ अशा दोन चाळी भिंतीला भिंत लावून होत्या. बिल्डरने दोन्ही पाडून एकच सात मजली इमारत उभी केली आणि भांडण नको म्हणून पाटीवर लिहिलं, 'सम्यक-सिंधुदुर्ग सहकारी गृहनिर्माण संस्था'. पाटी इतकी लांब झाली की 'संस्था' कोपऱ्यावरून वळून गेली. पण ह्या एकत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून दोन्ही चाळींची एक गोष्ट सामाईक होती, ती म्हणजे दत्तारामआजोबांचं तोरण. एप्रिलात जयंतीला निळं, भाद्रपदात गणपतीला लाल-पिवळं. गिरणी गेली तेव्हापासून आजोबा ते बांधत आले. टेस्टर खिशात, वायर दातात आणि स्वतः शिडीच्या टोकावर. आणि चाळीस वर्षं, न चुकता, ऐन आरतीला नाहीतर ऐन वंदनेला तोरण जायचं. मग आजोबा पहिल्या बल्बपासून एकेक काढून, हलवून, फुंकून बघत निघायचे आणि दोन्ही चाळी माना वर करून उभ्या राहायच्या. ह्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता म्हणूनच पक्का होता.

शिवाय आजची मीटिंग तोरणाची नव्हतीच. सोलर पॅनलची होती. कुर्ल्याच्या एका ऑफिसने आपल्या गच्चीवरचे चार जुने पॅनल संस्थेला देऊन टाकले होते. त्यांच्यावर तळमजल्याच्या अभ्यासिकेतले दिवे-पंखे चालवायचे असं ठरलं, आणि वायरिंग म्हटल्यावर दुसरं नाव येणार कुणाचं? जानेवारीत आजोबांनी ते जोडले. मार्च उजाडला तरी बॅटरी काही भरेना. दोन पंख्यांपैकी एक फिरायचाच नाही. दुसरा असा फिरायचा की त्याची पाती मोजून व्हायची.

"संस्थेच्या मीटरवरून ह्या खोलीला लाईन नाही, हे आधीच ठरलंय," सेक्रेटरी हर्षदभाई म्हणाले होते. "येत्या रविवारपर्यंत पॅनल चालले तर ठीक. नाहीतर ही पार्सल रूम. दिवसाला साठ पार्सलं येतात आणि सगळी माझ्या दारात! काल मी माझ्याच घरात तिरका होऊन शिरलो."

पार्सल रूम संघमित्राला परवडणारी नव्हती. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर. घरी मम्मी, म्हणजे चेतनाबाई, बालवाडीच्या सहा पोरांची शिकवणी घ्यायची आणि ती सहा पोरं बेचा पाढा अशी म्हणायची की शेजारचे त्यावर जेवणाची वेळ लावायचे. पप्पा मिथुन सांताक्रूझला विमानतळाच्या कार्गोत रात्रपाळीला. ते आल्यावर कानात कापूस घालून झोपायचे आणि उरलेल्या जागेत संघमित्राने नववी पास व्हायचं होतं. अख्ख्या इमारतीत 'बे एके बे' ऐकू येत नाही अशी एकच जागा होती, अभ्यासिका. ती गेली की संपलं.

तर, आजोबा सावकाश उठले.

"तोरण कशाक जाता?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "कारण बल्बांच्यात एकी आसा. गिरणीत एक कामगार काढलो की आम्ही अख्खी गिरण बंद करू. एकासाठी सगळे! बल्बांक ता कळता. आताच्या माणसांक नाय कळत."

टाळ्या पडल्या. हर्षदभाईंनीसुद्धा वाजवल्या, कशासाठी ते न कळता. पैज जिंकली होती, संघमित्राने खाली बसायला हरकत नव्हती. पण ते तोंड!

"मग आजोबा, गच्चीवरचे पॅनलपण संपावर गेलेत का?"

आता मात्र जो हशा पिकला तो आवरेना. शेवंतीआजी, म्हणजे दत्तारामआजोबांची बायको, तीसुद्धा पदर तोंडात घालून हसली. आजोबांचे कान लालेलाल झाले. त्यांनी खिशातून टेस्टर काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घे. तूच मिटव संप. रविवारपर्यंत."

तिसऱ्या रांगेत चेतनाबाईंनी कपाळाला हात लावला.

घरी गेल्यावर तोफ सुटलीच. "सत्तरीच्या माणसाला असं बोलतात? स्टेजवर 'आदरणीय व्यासपीठ' म्हणायला सांगितलं की घसा बसतो, आणि तिथे बरा सुटला गं तुझा!"

हे व्यासपीठाचं खरं होतं. पहिलीपासून दर जयंतीला पांढरी साडी नेसून संघमित्रा भाषण करायची. मम्मी लिहायची, ही पाठ करायची. पाचवीत ती दुसरं पान विसरली आणि पहिलंच तीनदा म्हटलं. लोकांना वाटलं मुद्दा ठसवतेय, टाळ्या कडकडाट. यंदा मम्मीने सात पानं लिहून तयार ठेवली होती.

"पाठ करते," संघमित्रा म्हणाली. "आधी संप मिटवू दे."

सोमवारी बाराला सकाळची शाळा सुटल्यावर तिघी गच्चीवर. किल्ली हर्षदभाईंकडे, आणि ती घ्यायची तर वहीत नाव, वेळ, कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यात संघमित्राने लिहिलं, 'कामगारांशी बोलणी.' हर्षदभाईंनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

वर चार पॅनल ओळीने मांडलेले. वायर पहिल्याच्या प्लसवरून दुसऱ्याच्या मायनसला, दुसऱ्याच्या प्लसवरून तिसऱ्याच्या मायनसला, अशी पुढे पुढे गेलेली.

"हे तर तोरण आहे यार!" तेजल म्हणाली.

तोरणच होतं. आजोबांनी चाळीस वर्षं जे केलं तेच इथे केलं होतं, फक्त बल्बच्या जागी पॅनल. शाळेत परवाच शिकवलेली एकसर जोडणी, पुस्तकातल्या चित्रासारखी. जिन्याच्या खोलीत बॅटरीजवळ एक डबा होता, पॅनलकडून बॅटरीला किती करंट जातोय तो आकडा त्याच्यावर दिसायचा. भर उन्हात आकडा होता ०.२.

"आणि हे काय?" जान्हवी तिसऱ्या पॅनलकडे बघत म्हणाली.

तिसऱ्या पॅनलवर एक गोधडी होती. हिरव्या-जांभळ्या ठिगळांची, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवलेली. असली ठिगळं अख्ख्या इमारतीत एकाच घरी जोडली जायची. संघमित्रा धावत चौथ्या मजल्यावर प्रेमाकाकूंच्या दारात.

"काकू, ती गोधडी तुमची?"

"माझीच. का गं, उडाली का?"

"काकू, पॅनलवर कशाला घालता?"

"अगं, काय झकास तापतं ते! उतरतं आहे, काळं आहे, दोन तासात गोधडी खडखडीत. जानेवारीपासून घालतेय. पुढच्या आठवड्यात पोह्याचे पापड घालणार आहे. तुला हवेत का?"

काकूंशी वाद घालून उपयोग नव्हता. संघमित्राने वर येऊन गोधडी उचलली आणि जान्हवी डब्याशी उभी राहून ओरडली, "पॉइंट पाच!" म्हणजे काहीच नाही. कारण चौथ्या पॅनलवर टाकीची सावली होती, आणि ती रोज दुपारी एक वाजेपर्यंत असायची. गोधडीला हलवता येत होतं, टाकीला कोण हलवणार?

"समजा पाणी भरतोय," संघमित्राने दोघींना समजावलं, म्हणजे खरं तर स्वतःलाच. "नळापासून ड्रमपर्यंत चारजण रांगेत उभे आहेत, बादली ह्या हातातून त्या हातात. एकजण चहा प्यायला गेला की?"

"ड्रम कोरडा," तेजल म्हणाली.

"हेच झालंय. त्यापेक्षा चौघांना चार नळ द्यायचे, चौघांनी एकाच ड्रममध्ये आपापली बादली ओतायची. एक गेला चहाला तर जाऊ दे, तिघांचं पाणी येतंय ना? समांतर जोडणी! सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र. चारही एकाच जातीचे पॅनल आहेत, म्हणजे चालतं."

"तुला येतं का पण जोडता?"

"पुस्तकात चित्र आहे," संघमित्रा म्हणाली, आणि त्या वयात चित्र असलं की पुरतं.

शनिवारी सकाळी शाळेला सुट्टी होती. तिघी वर गेल्या तर दत्तारामआजोबा आधीच टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून, तिघींकडे पाठ करून, पेपर वाचत बसलेले. रुसले होते, पण रुसायला त्यांनी नेमकी गच्चीच निवडली होती.

"आजोबा, आम्ही सुरू करतोय," संघमित्रा म्हणाली.

"माका काय सांगतंस? मी पेपर वाचतंय."

तिने पहिल्या पॅनलच्या पिनेला हात घातला तसा पेपर न हलवता आवाज आला. "उन्हात पॅनल झोपत नाय. करंट चालू आसा. आधी झाका त्यांका. आणि डब्यातून आधी पॅनलची वायर सोडवायची, बॅटरीची नाय."

झाकायला काय? तेजल खाली पळाली आणि प्रेमाकाकूंकडून तीन गोधड्या आणि एक चादर घेऊन आली. मागून स्वतः काकू, गोधड्या परत किती वाजता मिळणार हे विचारत. ज्या गोधडीने दोन महिने वाट लावली होती तीच आता, बाकीच्यांसकट, चारही पॅनलांच्या अंगावर घालून त्यांना झोपवलं. डब्याची वायर सोडवली. मग दोन तास कापणं, सोलणं, पिळणं, पिना लावणं. चार प्लस एका जागी, चार मायनस एका जागी. वायर संपली, तेव्हा कोपऱ्यातल्या पिशवीत तोरणाची उरलेली निळी वायर सापडली. ती लावून डब्यापर्यंत पोचवली आणि गोधड्या एकदम ओढल्या.

"पंधरा!" जान्हवी किंचाळली. "पंधरा! पॉइंट नाही, नुसते पंधरा!"

संघमित्राने गच्चीभर नाच केला. तेजलने शिट्टी वाजवली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "कोण जिंकलं?" असं ओरडून विचारलं.

"बघा आजोबा!" संघमित्रा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मिटला संप!"

आजोबांनी पेपर खाली ठेवला. नाक वर केलं. हुंगलं. मग उठले, तिच्याजवळून सरळ पुढे गेले आणि त्या निळ्या वायरला हाताची मागची बाजू हलकेच लावून झटकन काढून घेतली.

"चेडवा, वायर तापली. घाल गोधड्या. लवकर!"

चौघांनी गोधड्या टाकल्या तेव्हा निळ्या वायरचं प्लास्टिक एका ठिकाणी मऊ होऊन ओघळलं होतं. संघमित्राचा चेहरा पांढराफटक. पुस्तकातल्या चित्रात वायर म्हणजे एक रेघ होती. रेघ किती जाड, ते चित्रात कुठे असतं?

"ही तोरणाची वायर," आजोबा म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, त्यानेच तिला जास्त लागलं. "एका दिंडीदरवाजातून चार गिरण्या सोडल्यास तू. माणसं चेंगरायचीच. थांब."

ते गेले आणि अर्ध्या तासाने उत्सव मंडळाची लाकडी पेटी घेऊन आले, एका बाजूला शेवंतीआजीने धरलेली. पेटीतून मांडवाला मेन लाईन द्यायची अंगठ्याएवढी जाड केबल निघाली, चार फ्यूज निघाले आणि एका रुमालात बांधलेले शेंगदाणे. प्रत्येक पॅनलला त्याचा त्याचा फ्यूज, आणि सगळ्यांचा मिळून आलेला करंट जाड केबलमधून. आजोबांनी स्वतः हात लावला नाही. ते फक्त सांगत होते आणि चुकलं की "अगो!" म्हणत होते. काम संपेपर्यंत सतरा वेळा "अगो" झालं. जान्हवीने मोजलं.

मधेच ते थांबले. "पण हे काय माका पटत नाय. एक आजारी पडलो, आणि बाकीचे तिघे आपले कामावर? ह्याका एकी म्हणत नाय."

संघमित्राने तोंड उघडलं आणि, वर्षात पहिल्यांदाच, विचार करण्यासाठी मिटलं. "आजोबा, तुमच्या गिरणीत एका मागाचा धागा तुटला की शेजारचा माग बंद पडायचा का?"

"छ्या! कशाक बंद पडात? साचेखात्यात माझ्याकडे चार साचे होते. एक थांबलो तर तेचो धागो मी जोडी, तिघांचा कापड चालूच..."

  त्यांनी चार पॅनलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"चार साचे," ते पुटपुटले. "म्हणजे चाळीस वर्षं मी तोरण..."

"अहो, पुरे," शेवंतीआजी म्हणाली. "मी तर तुम्हाला लग्नापासून सांगतेय."

"तुका काय माहीत होता?"

"मला कारण माहीत नव्हतं. पण तोरण जातं, एवढं माहीत होतं."

रविवारी अकराला मीटिंग. हर्षदभाई खात्रीने आले होते, म्हणजे दोन पार्सलं काखेत घेऊनच. आत शिरले आणि दोन्ही पंख्यांच्या वाऱ्याने त्यांची वही उडाली. तरी ते सेक्रेटरी होते. "हे कालच्या एका दिवसाचं झालं. सावली आली की? कुणी काही वाळत घातलं की?"

"म्हणजे मी," प्रेमाकाकू उभ्या राहिल्या. "सरळ नाव घ्या ना."

आणि काकू तरातरा निघाल्या, गोधडी घेऊन, लिफ्टने सातव्यावर, आणि त्यांच्यामागे अख्खी मीटिंग. गच्चीवर टाकीची सावली चौथ्या पॅनलवर ठाण मांडून होती. डब्यावर आकडा पंधरा. काकूंनी तिसऱ्या पॅनलवर गोधडी पसरली, चारी कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि हाताची घडी घातली. संघमित्राने डोळे मिटून घेतले. हिशोब तिला माहीत होता, पण हिशोब माहीत असणं वेगळं आणि पन्नास माणसांसमोर उभं राहणं वेगळं.

"दहा!" जान्हवीचा आवाज आला.

दहा. शून्य नाही, पॉइंट दोन नाही. एक पॅनल टाकीच्या सावलीत, एक गोधडीखाली, आणि उरलेले दोघे आपलं काम इमानदारीत करत होते. हर्षदभाईंनी डब्याजवळ जाऊन पाहिलं, डब्यावर टिचकी मारली, पुन्हा पाहिलं आणि काखेतली पार्सलं खाली ठेवली. "ठीक आहे. अभ्यासिका राहील. पण मग माझी पार्सलं?"

ह्यावर कुणी लक्ष दिलं नाही, कारण प्रेमाकाकू विचारत होत्या, "म्हणजे एका पॅनलवर गोधडी घातलेली चालते ना? मग पापड चौथ्यावर घालते. तसाही तो दुपारपर्यंत रिकामाच बसलेला असतो."

लोक हसत हसत उतरायला लागले तेव्हा आजोबा मागे राहिले. त्यांनी बंडीच्या आतून एक किल्ली काढली. लाकडी पेटीची, सुतळीत ओवलेली.

"गुडघे ऐकत नाय आता," ते म्हणाले. "जयंती येता. निळ्या तोरणाचा काय करायचा, ता तू बघ. पण वायर किती जाड, ता माका विचारल्याशिवाय..."

"हात नाय लावणार," संघमित्रा म्हणाली. आणि किल्लीची सुतळी तिने मनगटाला दोनदा गुंडाळली.

घरी पप्पा नुकतेच उठून चहा पीत होते. मम्मी सात पानं घेऊन तयारच बसलेली. "ये. आदरणीय व्यासपीठ. सुरू कर."

संघमित्राने किल्ली टेबलावर ठेवली, बरोबर पहिल्या पानावर.

"मम्मी, पप्पा, ऐका. यंदा जयंतीला मी भाषण करणार नाही. लायटिंग करणार आहे. अख्ख्या इमारतीचं, समांतर जोडणीत. शिडीवर मी चढणार."

पप्पांचा चहा हातातच राहिला. "शिडीवर? तू? आणि खाली कोण धरणार?"

"तुम्ही. सकाळी ड्युटीवरून आलात की थेट. आणि डोळे उघडे ठेवायचे, मला माहीत आहे तुम्हाला उंची बघूनच गरगरतं."

मम्मीने सात पानांकडे बघितलं. तिचा आवाज जरा बारीक झाला. "आणि हे? एवढं मन लावून लिहिलंय मी."

"म्हणूनच तर," संघमित्रा म्हणाली. "नऊ वर्षं तू लिहितेस आणि मी त्याची वाट लावते. यंदा पांढरी साडी तू नेस, स्टेजवर तू जा आणि सातही पानं तूच वाच. घाबरू नकोस गं. मधेच लाईट जाणार नाही, ते मी बघते."